कामाच्या ठिकाणचा विटाळ आणि डॉ. आंबेडकर

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या चरित्राकडे आजवर अनेक अंगांनी पाहिले गेले आहे. घटनेचे मसुदाकार, अर्थशास्त्राचे व कायद्याचे पंडित, अस्पृश्यांचे नेते, धर्मांतराचे प्रणेते या रूपांत ते भारतभर सर्वांना परिचित आहेत. त्यामानाने त्यांच्या आयुष्याचे एक अंग मागे राहिलेले दिसते. आंबेडकर हे पोटासाठी नोकरी केलेले गृहस्थ होते, आणि कामाच्या जागी शिपायांपासून सहकाऱ्यांपर्यंत अनेकांकडून त्यांनी अवहेलना सोसली होती. पुढे ते कामगारांचे पुढारी झाले, त्यानंतर हिंदुस्थान सरकारचे मजूरमंत्री झाले, आणि अखेरीस स्वतंत्र देशाच्या मूलभूत कायद्याला त्यांनी आकार दिला. या सर्व अवस्थांतून एक जाणीव सारखी वाहताना दिसते. कामकऱ्याची पिळवणूक मालक करतो हे तर खरेच. परंतु त्याचा अपमान पुष्कळदा त्याच्या शेजारी उभा असलेला दुसरा कामकरीच करतो, आणि या दुसऱ्या अन्यायावर वेतनवाढीचा उतारा चालत नाही. ही जाणीव ग्रंथांतून आलेली नव्हती. तिची मुळे त्यांच्या बालपणात आणि पहिल्या नोकऱ्यांत होती.

१

आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. महार समाजातील कित्येक कुटुंबांना लष्कराच्या नोकरीने शिक्षण, निवृत्तिवेतन आणि थोडीफार प्रतिष्ठा दिली होती. परंतु १८९० नंतरच्या काही वर्षांतच इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. पराक्रमात किंवा शिस्तीत काही उणे आढळले म्हणून हे घडले नाही. अमुक जाती लढाऊ आणि अमुक जाती लढाऊ नाहीत अशी वर्गवारी सरकारने स्वीकारली, आणि एका संपूर्ण समाजाच्या तोंडावर उपजीविकेचे एक दार लावले गेले. जन्मावरून नोकरी नाकारली जाण्याचा हा अनुभव आंबेडकरांच्या घराला त्यांच्या जाणतेपणाच्या आधीच येऊन गेला होता.

निवृत्तीनंतर रामजी सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या कामावर होते. १९०१ मध्ये साताऱ्याहून मुले त्यांना भेटावयास निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर ही मुले महारांची आहेत असे कळताच स्थानकमास्तर चार पावले मागे सरकले, आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे आणि मुलांनीच बैल हाकावयाचे, अशा बोलीवर एक गाडीवान तयार झाला व स्वतः गाडीबरोबर पायी चालू लागला. वाटेत पाणी मिळाले नाही. या प्रसंगातील एक बाब नजरेआड करू नये. मुलांना झिडकारणारे हे लोक कोणी जहागीरदार वा सावकार नव्हते. भाड्यावर पोट भरणारे गरीब गाडीवानच होते, आणि हातचे भाडे सोडावयासही ते तयार होते. आर्थिक हितापेक्षा जातीचा धाक बलवत्तर ठरू शकतो, हा धडा नऊ-दहा वर्षांच्या मुलाला असा रस्त्यावर मिळाला.

२

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. न्यूयॉर्कनंतर ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे तेथील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यास रुजू झाले. त्यांची नेमणूक महाराजांचे लष्करी सचिव म्हणून झाली. पुढे अर्थखात्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी असा महाराजांचा मानस होता. त्या काळी अमेरिकेतील विद्यापीठात अर्थशास्त्राचा असा अभ्यास केलेली माणसे देशात मोजकीच होती.

कचेरीत मात्र या विद्येला किंमत नव्हती. शिपाई कागदपत्रांची बाडे हातात देण्याऐवजी दुरूनच मेजावर फेकीत. ते चालू लागले की विटाळ नको म्हणून जमिनीवरील चटया गुंडाळल्या जात. कचेरीत त्यांना प्यावयास पाणी मिळत नसे. अधिकाराच्या उतरंडीत शिपाई त्यांच्या कितीतरी खाली होता. पण जातीच्या उतरंडीत तो वर होता, आणि कचेरीत चाले ती दुसरी उतरंड.

राहण्याची सोयही कोठे होईना. हिंदूंच्या खाणावळींची दारे बंद होती. म्हणून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव धारण करून दिवसाला दीड रुपया भाड्याने खोली घेतली. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघण्याच्या बेतात असताना दहा-बारा पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा दम देऊन गेले. गावात त्यांचे दोन परिचित होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. कामाठी बागेत काही वेळ घालवून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. अनेक वर्षांनंतर हे अनुभव टिपून ठेवतानाही तो दिवस त्यांना अश्रू अनावर करणारा वाटत होता.

बडोद्याच्या या हकीकतीत सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट अशी की संस्थानचा धनी त्या काळच्या सर्वांत उदार राज्यकर्त्यांपैकी एक होता. अस्पृश्यांसाठी त्यांनी शाळा काढल्या होत्या, आणि या तरुणाला परदेशी पाठविणारेही तेच होते. परंतु त्यांची सदिच्छा कचेरीच्या उंबरठ्याशी येऊन थांबली. गाऱ्हाणे दिवाणांकडे गेले, आणि तेथे असमर्थतेपलीकडे काही हाती लागले नाही. माणसाला नोकरी देणे आणि त्या नोकरीत त्याला माणसासारखे राहू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका हुकमाने होते. दुसरीसाठी हुकूम मोडणाऱ्याला जाब विचारणारी यंत्रणा लागते. तशी कोणतीच यंत्रणा बडोद्यात नव्हती.

३

मुंबईत त्यांनी शेअरबाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करून पाहिला; सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा त्यांना मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये होता. विद्यार्थ्यांनी प्रथम त्यांना फारसे मनावर घेतले नाही. पण त्यांच्या व्याख्यानांची कीर्ती पसरली तसे इतर महाविद्यालयांतील विद्यार्थीही ऐकावयास येऊ लागले. विद्यार्थ्यांच्या मनातील अढी अशी विद्वत्तेने दूर झाली, परंतु सहकाऱ्यांची झाली नाही. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून आंबेडकरांनी पाणी घेण्यास काही प्राध्यापकांनी हरकत घेतली. अशिक्षित शिपाई आणि सुशिक्षित प्राध्यापक यांच्यात या बाबतीत काही अंतर नव्हते. शिक्षणाने जातिभेद आपोआप नाहीसा होईल असे मानणाऱ्या सुधारकांना आंबेडकर पुढे कधीच पूर्णपणे मान डोलावू शकले नाहीत, याचे एक कारण या पाण्याच्या भांड्यातही शोधता येईल.

मार्च १९२० मध्ये त्यांनी ती जागा सोडली व शिल्लक टाकलेल्या पैशांतून, शाहू महाराजांच्या साहाय्याने, लंडनचा अभ्यास पुरा करावयास ते गेले. १९२३ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स आणि बॅरिस्टर होऊन ते परतले. वकिलीतही सॉलिसिटर मंडळी त्यांच्याकडे काम देताना मागेपुढे पाहत असत. त्यामुळे अध्यापनाची जोड त्यांना चालू ठेवावी लागली. हा स्वतंत्र व्यवसाय मात्र त्यांनी जाणूनबुजून पत्करला होता. सरकारी नोकरीची बंधने नकोत, आणि वरिष्ठांच्या मर्जीवर आपले सार्वजनिक जीवन अवलंबून नको, हा निर्णय बडोदे आणि सिडनहॅम येथील अनुभवांतून पक्का झालेला होता.

४

या काळात आंबेडकरांचे बिऱ्हाड परळच्या सुधारणा मंडळाच्या चाळीत होते, आणि त्यांची कचेरीही तेथून जवळच, दामोदर हॉलमध्ये होती. म्हणजे मुंबईच्या गिरणगावाच्या ऐन मध्यभागी त्यांचे वास्तव्य होते. गिरणीतील कामाची रचना त्यांना पुस्तकातून समजून घ्यावी लागली नाही.

त्या रचनेत कामगाराची खरी गाठ मालकाशी पडत नसे; ती पडे जॉबरशी. कामावर घेणे, कामावरून काढणे, रजा देणे, बदली कामगाराला उभे करणे वा परत पाठविणे, हे सर्व जॉबरच्या हाती असे. त्याबद्दल त्याला दस्तुरी द्यावी लागे. जॉबर माणसे आणी ती आपल्या गावची, नात्यातली वा जातीची. १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने आपल्या १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या अनिर्बंध सत्तेवर कडक टीका केली आणि नेमणुकीचे अधिकार त्याच्याकडून काढून घ्यावेत अशी शिफारस केली.

या पद्धतीत अस्पृश्य कामगाराच्या वाट्याला मुख्यत्वे सूत कातण्याचे रिंगखाते येई. अधिक मजुरीचे विणाईखाते, म्हणजे गिरणीच्या बोलीतील साचेखाते, त्याला बंद होते. याचे कारण सांगितले जाई ते असे. मागावरील धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवी आणि सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घेई. तोच धोटा एकामागून एक अनेकांच्या हातांत आणि तोंडात जाई. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आपण तोंडाला कसा लावावा, ही सवर्ण विणकरांची हरकत होती. क्षयासारखे रोग पसरविणारी ही ओंगळ पद्धत बंद करावी, असे कोणाच्या मनात आले नाही. पद्धत तशीच राहिली आणि माणसे मात्र वगळली गेली. ही बंदी मालकाने कोठे लेखी घातलेली नव्हती. ती कामगारांनी कामगारांवर घातलेली होती, आणि मालकाला तिची तोशीस लागत नसल्यामुळे ती निर्वेध चालत होती.

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. त्या वेळी आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न उभा केला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मागण्यांमध्ये समाविष्ट करावा. तसे न झाल्यास आपण अस्पृश्य कामगारांना संपात राहण्याचा सल्ला देणार नाही, असे त्यांनी बजावले. पुढाऱ्यांनी ती मागणी काहीशा नाखुशीनेच स्वीकारली. ती मालकांपुढे गेली तेव्हा मालकांचे उत्तर अगदी सोपे होते: हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे.

एका अर्थी मालक खोटे बोलत नव्हते, आणि हीच या प्रश्नाची अवघड बाजू होती. डाव्या पुढाऱ्यांचे म्हणणे असे की जातीचा प्रश्न या घडीला काढल्यास एकजूट फुटते आणि फायदा मालकाचा होतो. वर्गलढा जिंकला की जात आपोआप लयास जाईल. या म्हणण्यात प्रामाणिकपणा नव्हता असे नाही. परंतु ज्याला साच्याजवळ उभे राहू दिले जात नाही त्याने साच्यावरच्या मजुरीच्या दरासाठी उपाशी का राहावे, याचे उत्तर त्यात नव्हते. १९२९ च्या संपात आंबेडकरांनी अस्पृश्य कामगारांना कामावर जाण्याचा सल्ला दिला, तेव्हा संप फोडल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि साम्यवाद्यांशी त्यांचे कायमचे वितुष्ट आले. कर्जबाजारी माणसाला लांबलेला संप परवडत नाही हे त्यांचे कारण खरे होते. त्या सल्ल्याने संपाला धक्का बसला हेही खरे होते. चरित्रकाराने यांतील कोणतीही बाजू झाकण्याचे कारण नाही.

५

गिरणीपेक्षाही जुनी आणि अधिक घट्ट अशी एक नोकरी खेड्यात होती. ती म्हणजे महारकी. महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी तिचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे. १८७४ च्या वतन कायद्यानुसार महार हा गावाचा व सरकारचा वंशपरंपरागत चाकर होता. निरोप पोहोचविणे, सरकारी टपाल व खजिना नेणे, अधिकाऱ्यांचे सामान वाहणे, गावची राखण करणे अशी त्याची कामे. कामाला वेळ ठरलेली नसे. बोलावणे रात्री येवो की दिवसा, हजर राहिलेच पाहिजे. तो नसला तर घरातील दुसऱ्या कोणीतरी जावे लागे. मोबदला म्हणून जमिनीचा लहानसा तुकडा आणि गावकऱ्यांकडून मिळणारे धान्य, म्हणजे बलुते. काम सरकारचे आणि पगार गावकऱ्यांच्या मर्जीवर, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. महारांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले किंवा मुले शाळेत घातली की गाव बलुते बंद करी. दुकानदार माल देत नसे, शेतकरी कामावर घेत नसे, विहिरीकडची वाट अडविली जाई.

१९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात आंबेडकरांनी या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. महाराचे काम व वेतन निश्चित व्हावे आणि ज्याला वतन नको असेल त्याला त्यातून मोकळे होता यावे, हा त्याचा गाभा होता. विरोध इतका झाला की ते पुढे मागे घ्यावे लागले. महार वतने कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्यान्वये, आंबेडकरांच्या मृत्यूनंतर. त्याच काळात सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर आंबेडकर सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालाने गावाच्या बहिष्काराची नोंद केली. अस्पृश्याने हक्क बजावण्याचा प्रयत्न केला की त्याच्या पोटावर घाव घातला जातो, आणि या घावाला गुन्हा म्हणणारा कोणताच कायदा नव्हता. सामाजिक बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरवावा, ही मागणी आंबेडकरांनी पुढे सातत्याने केली. १९४७ मधील त्यांच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनातही ती आहे.

कायदेमंडळातील याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, गिरण्यांतील स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणाऱ्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणातील विश्रांतीचा खर्च मालकाने का सोसावा, हा आक्षेप त्यांनी खोडून काढला. मालक स्त्रीच्या श्रमाचा नफा घेतो म्हणून त्याने भार उचलावा, आणि हे राष्ट्राचे हित असल्याने सरकारनेही त्यात वाटा घ्यावा, अशी त्यांची मांडणी होती. मुंबई प्रांतात हा कायदा १९२९ मध्ये संमत झाला.

६

ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावात जातीचा उल्लेख नव्हता, हे लक्षणीय होते. कोकणातील खोतीविरुद्धच्या लढ्यात कुणबी आणि महार कुळे एकत्र आणण्याचा प्रयत्न या पक्षाने केला, आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. याच वर्षाच्या फेब्रुवारीत मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तिच्या अध्यक्षपदावरून केलेले भाषण कामगारविषयक भारतीय विचारात विशेष महत्त्वाचे मानले पाहिजे.

रेल्वेतील वस्तुस्थिती त्यांनी नेमकी मांडली. अस्पृश्य कामगार रुळांवरील गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. त्याला हमालाची जागाही सहसा मिळत नाही, कारण हमालाला स्थानकमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि अस्पृश्य घरात चालत नाही. कारखान्यात तो मिस्त्री होत नाही, कचेरीत कारकून होत नाही. या परिस्थितीला कारणीभूत असलेले दोन शत्रू त्यांनी सांगितले: भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात असा अर्थ त्यांनी घेतला नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती असा अर्थ त्यांनी घेतला, आणि ती सर्व जातींत पसरलेली आहे असे स्पष्ट केले. कामगारसंघटना पहिल्या शत्रूशी लढतात आणि दुसऱ्याविषयी मौन पाळतात, ही त्यांची तक्रार होती. दोन वर्षांपूर्वीच्या जातिनिर्मूलनावरील निबंधात त्यांनी जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांची वाटणी करते असे प्रतिपादन केले होते. मनमाडला त्यांनी त्या सिद्धान्ताचे रेल्वेच्या एकेका हुद्द्यावर प्रात्यक्षिक दाखविले, असे म्हणता येईल.

तरीही ते कामगारांच्या एकजुटीपासून दूर राहिले नाहीत. १९३८ मध्ये मुंबई सरकारने संपावर निर्बंध घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी त्यास कडाडून विरोध केला. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामगिरी होय, आणि संपाला गुन्हा ठरविणे म्हणजे हीच गुलामगिरी कायद्याने आणणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. महारकीच्या वेठीची माहिती असलेल्या माणसाचा हा युक्तिवाद होता, म्हणून त्यात केवळ वकिली चातुर्य नव्हते. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात, दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी वितुष्ट आले होते त्या साम्यवादी पुढाऱ्यांबरोबर ते एका व्यासपीठावर उभे राहिले. विधेयक संमत झाले. परंतु अपमानाविरुद्धचा लढा आणि पिळवणुकीविरुद्धचा लढा एकत्र लढता येतो, हे त्या दिवशी दिसले.

७

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. सरकार, मालक आणि मजूर यांच्या त्रिपक्षीय परिषदांना त्यांच्या काळात नियमित स्वरूप आले. सक्तीने कामगारसंघटनांना मान्यता देण्यासंबंधीचे विधेयक त्यांनी १९४३ मध्ये मांडले. त्यातून निघालेला १९४७ चा दुरुस्ती कायदा संमत होऊनही कधी अंमलात आला नाही. कोळसा खाणीतील मजुरांसाठी १९४४ मध्ये कल्याणनिधी निर्माण झाला. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेशही याच कालखंडातला, १९४३ मधला आहे.

एक प्रसंग मात्र त्यांच्या पदाची मर्यादा दाखवितो. स्त्रियांना खाणीत जमिनीखाली कामास नेण्यावरील बंदी युद्धकाळात कोळशाच्या टंचाईमुळे सरकारने १९४३ मध्ये उठविली. मजूरमंत्री या नात्याने त्या निर्णयाचे समर्थन विधिमंडळात त्यांनाच करावे लागले. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाक्षेत्रात जाऊन आले होते. स्त्रियांना त्याच कामासाठी पुरुषांइतकीच मजुरी मिळाली पाहिजे, यावर त्यांनी भर दिला, आणि ही बंदी फेब्रुवारी १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. युद्धाच्या गरजेपुढे त्यांना नमावे लागले, हे नाकारता येत नाही. परंतु नमतानाही समान वेतनाचे तत्त्व त्यांनी पदरात पाडून घेतले.

८

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीची नेमणूक झाली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. घटना अनेकांच्या विचारविनिमयातून सिद्ध झाली. ती एकट्या माणसाची कृती म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीही तिची काही कलमे वाचताना बडोद्याची कचेरी, परळची गिरणी आणि कोकण-देशावरील गावचावडी यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत सर्वांना समान संधी दिली आणि धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून भेद करण्यास मनाई केली. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट करून तिचे आचरण गुन्हा ठरविले. तेविसाव्या कलमाने वेठबिगारीस बंदी केली. मार्गदर्शक तत्त्वांत समान कामास समान वेतन, कामाची माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांना स्थान मिळाले.

यांतील एक भेद जाणून घेतला पाहिजे. सोळावे कलम शासनाला बांधते. खासगी मालकाला थेट बांधीत नाही. सतरावे आणि तेविसावे कलम मात्र खासगी माणसालाही लागू पडते. मालक म्हणतो हा अन्याय माझा नव्हे, आणि सहकारी म्हणतो मी मालक नव्हे, अशी जी पळवाट १९२८ मध्ये गिरणीत उघडी होती, ती बुजविण्याचा मार्ग या दोन कलमांनी खुला केला. त्यांपैकी सतराव्या कलमाच्या आधारे १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा झाला. १९७६ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. कोणत्याही नोकरीत काम करण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेली आडकाठी तिने स्पष्टपणे गुन्ह्यात आणली, आणि त्याच कारणावरून झाडूकाम किंवा मेलेली जनावरे ओढणे यांसारखी कामे सक्तीने करावयास लावणे हे अस्पृश्यतेचेच आचरण ठरविले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत आंबेडकरांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले तेव्हा लोटलेल्या लाखोंच्या समुदायात गिरण्या, गोद्या, रेल्वे आणि नगरपालिका यांतील कामकरी फार मोठ्या संख्येने होते. त्यांच्यापैकी अनेकांना नोकरीत जे स्थान मिळाले होते त्यामागे या माणसाचे श्रम होते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

पुढील काळात कायद्यांची भर पडत गेली. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये आणि अधिक कडक स्वरूपात २०१३ मध्ये कायदे झाले. त्याच २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचाही कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याने दहा किंवा त्याहून अधिक माणसे काम करीत असलेल्या प्रत्येक ठिकाणी तक्रार समिती अनिवार्य केली. जाब विचारणारी यंत्रणा कामाच्या जागीच असावी, ही बडोद्यात न भागलेली गरज निदान एका प्रकारच्या छळापुरती कायद्याने मान्य केली असे म्हणता येईल. जातीवरून होणाऱ्या अवहेलनेसाठी खासगी कचेऱ्या-कारखान्यांत तशी समिती आजही अनिवार्य नाही. गटारात उतरून गुदमरणाऱ्या सफाई कामगारांच्या मृत्यूच्या वार्ता अजून थांबलेल्या नाहीत, आणि त्या कामावर कोणत्या जातींची माणसे असतात हे सर्वांना ठाऊक आहे. कामगाराचा पगार मोजता येतो, तास मोजता येतात. अपमान मोजता येत नाही, म्हणून तो मागण्यांच्या यादीत नेहमी शेवटी जातो. त्याला यादीत पहिले स्थान मिळावे यासाठी आंबेडकरांनी आयुष्यभर भांडण केले. ते भांडण अद्याप मिटलेले नाही.